‘4.56 बसवा, 140 नंबर भरा’: घाटाच्या नावावर खपणारा सल्ला

सातारा-सांगलीच्या गाडीवाल्यांच्या ग्रुपवर एक मेसेज पुन्हापुन्हा फिरतोय. त्याचा मथितार्थ असा: मागच्या चाकांवर चालणाऱ्या दमदार गाडीचा 3.73 चा क्राउन-पिनियन (मागच्या ॲक्सलच्या डिफरन्शियलमधली मोठ्या-लहान गिअरची जोडी) काढून 4.56 चा बसवा, यवतेश्वरचा घाट गाडी उडत चढेल. ॲव्हरेजला धक्का लागत नाही. जुने शिम (गिअर नेमक्या जागी बसवणाऱ्या पातळ चकत्या) तसेच ठेवा, मोजामोजी नको. वर 140 नंबर गिअर ऑइल आणि एलएसडीचं (एक चाक घसरलं तरी दुसऱ्याला जोर देणाऱ्या लिमिटेड-स्लिप डिफरन्शियलचं) ॲडिटिव्ह टाका, आवाज बंद, डिफरन्शियल जन्मात उघडायला नको. यातला पहिला दावा अर्धा खरा आहे आणि त्याच्या जिवावर बाकीचे खपतात.

‘4.56 ने ताकद वाढते’

इंजिनची ताकद आहे तेवढीच राहते. 3.73 म्हणजे क्राउनला 41 दात आणि पिनियनला 11, हा भागाकार म्हणजेच रेशो. 4.10 ला तेच 41 आणि 10, 4.56 ला 41 आणि 9. 3.73 वरून 4.56 वर गेलात की चाकावरचा टॉर्क 22 टक्के वाढतो आणि प्रत्येक गिअरमधला कमाल वेग त्याच हिशेबाने खाली येतो.

पण तो वाढीव टॉर्क रस्त्यावर उतरतो का, हे मेसेज लिहिणाऱ्याने पाहिलेलंच नाही. हिशेबासाठी एक गाडी धरू: टॉर्क 400 न्यूटन-मीटर, वजन 1700 किलो, टायर 245/45 आर 18, पहिला गिअर 3.66, दुसरा 2.05, सहावा 0.85. घर्षणातली घट सोडून दिली तर पहिल्या गिअरला 3.73 वर टायरपाशी साधारण 1640 किलोचा रेटा येतो. जोर लावताना वजनाचा 55 टक्के भाग मागे धरला, तर मागच्या टायरवर 935 किलो येतात, आणि कोरड्या डांबरावर चांगला टायर जवळपास तेवढाच रेटा पेलतो. म्हणजे पहिल्या गिअरला टायर आधीच हरलेला आहे. दुसऱ्याला 3.73 वर रेटा 920 किलो, पकडीच्या अगदी काठावर. 4.56 बसवलात की तो 1125 होतो, आणि वरचा भाग ट्रॅक्शन कंट्रोल कापतं किंवा टायर घासून जातो. पावसाळ्यात कासच्या ओल्या रस्त्यावर तर विचारूच नका.

आता घाटातलं हेअरपिन वळण. ताशी 25 किलोमीटरला दुसऱ्या गिअरवर 3.73 मध्ये इंजिन 1500 आरपीएमवर असतं, 4.56 मध्ये 1830 वर. त्याच वेगाला 3.73 वर पहिला गिअर टाकला तर 2670. जो फरक हाताने गिअर पाडून फुकटात मिळतो, त्याच्यासाठी अख्खा हाउसिंग उघडायचा हा हट्ट आम्हाला पटत नाही. मूळ मापापेक्षा मोठे टायर बसवले असतील किंवा इंजिन वरच्या आरपीएमलाच जागं होणारं बिनटर्बोचं असेल, तर 4.10 चा विचार जरूर करा. 4.56 ट्रॅकच्या गाडीला.

‘ॲव्हरेज तेच राहतं’

वरच्याच गाडीचं इंजिन सहाव्या गिअरला ताशी 100 वर 2480 आरपीएमला फिरतं. 4.56 लावल्यावर 3035. पुणे-सातारा रोज करणाऱ्याला हे पेट्रोल पंपावर दिसेलच. शिवाय प्रोपेलर शाफ्टसुद्धा (गिअरबॉक्सपासून मागच्या ॲक्सलपर्यंतचा दांडा) त्याच वेगाला 22 टक्के जास्त फिरतो. ताशी 160 ला 4670 ऐवजी 5710. शाफ्टचा बॅलन्स जरा हललेला असेल किंवा क्रॉस (शाफ्टचा सांधा) सैल असेल, तर आतापर्यंत न जाणवलेली थरथर सीटखाली येते. ज्या गाडीचा स्पीडोमीटर गिअरबॉक्सच्या आउटपुटवरून वेग मोजतो, तिथे तो वेग वाढवून दाखवतो. आणि गाडी फोर-व्हील-ड्राइव्ह असेल तर पुढचा रेशोही बदलावा लागतो, नाहीतर कोरड्या रस्त्यावर फोर-व्हील टाकताच ट्रान्स्फर केसची (पुढच्या-मागच्या चाकांत जोर वाटणाऱ्या गिअरबॉक्सची) वाट लागते.

‘जुने शिम चालतात’

सगळ्यात महाग पडणारा सल्ला हाच.

पहिली अडचण शिमच्याही आधी येते. रेशो बराच बदलला की पिनियनचा घेर आणि क्राउनची जाडी बदलते, आणि काही ॲक्सलना त्यासाठी कॅरिअर (क्राउन ज्यावर बसतो तो भाग) वेगळा लागतो. डाना 44 या ॲक्सलमध्ये 3.73 पर्यंत एक कॅरिअर, 3.92 पासून पुढे दुसरा. सेट विकत घेण्याआधी हे विचारा.

मग पिनियनची खोली, म्हणजे तो क्राउनकडे किती आत बसतो ते. दोन पिनियन एकसारखे दिसले तरी एकसारखे नसतात, म्हणून जुना शिम ही फक्त सुरुवात. क्राउनच्या तीन-चार दातांना प्रशियन ब्लू किंवा पिवळी पेस्ट लावा, क्राउनला हाताने थोडा रोध देत दोन्ही दिशांना फिरवा आणि छाप बघा. छाप दाताच्या मुळाशी खोल पडली तर पिनियन फार आत आहे, शिम पातळ करा. माथ्याकडे पडली तर जाड करा. हव्या त्या जाडीचा शिम मिळाला नाही तर जाड घेऊन सरफेस ग्राइंडिंग करून घेता येतो, कुपवाड एमआयडीसीत हे काम होतं. फाइलने घासलेला शिम लावू नका.

दातांमधला प्ले डायल गेजने मोजायचा, क्राउनच्या घेरावर चार ठिकाणी. बहुतेक हलक्या गाड्यांत तो 0.15 ते 0.25 मिलिमीटर असतो, नेमका आकडा मॅन्युअलचा. प्ले बदलायला एका बाजूचा जितका शिम काढाल तितकाच दुसऱ्या बाजूला घाला, म्हणजे कॅरिअर बेअरिंगचा प्रीलोड (बेअरिंगवर आधीच दिलेला दाब) ढळत नाही. हातात क्राउन हलवून ‘बरोबर आहे’ म्हणणाऱ्या मेस्त्रीला नमस्कार करून पुढे जा.

क्रश स्लीव्ह (नट आवळताना दबून पिनियन बेअरिंगचा प्रीलोड ठरवणारी नळी) आणि पिनियन नट दर वेळी नवे. नट आवळताना प्रीलोड हद्दीबाहेर गेला तर नट सैल करून परत आणता येत नाही. स्लीव्ह एकदा दबली की दबली, दुसरी आणायची. जुनीच स्लीव्ह लावली की पिनियन बेअरिंग सैल पडतं आणि ॲक्सिलरेटर सोडल्यावर गाडी रडू लागते. दाबल्यावर रडत असेल तर बहुधा पिनियनच्या खोलीत घोळ आहे.

नवा सेट बसवल्यावर पहिले 25-30 किलोमीटर सबुरीने चालवा आणि अर्धा तास पूर्ण थंड होऊ द्या. असं दोन-तीनदा करा. पूर्ण ॲक्सिलरेटर नाही, ट्रेलर नाही, खंबाटकीची चढण तर नाहीच. साधारण 800 किलोमीटरला ऑइल बदला. त्यात दातांची झिजलेली धातूची पूड असते.

‘140 नंबर भरला की आवाज बंद’

आवाज दबतो, झीज चालूच राहते. 100 अंशाला 90 नंबरची व्हिस्कॉसिटी (घट्टपणा) 13.5 ते 18.5 सेंटिस्टोक, 140 ची 24 ते 32.5. एवढं घट्ट ऑइल घुसळताना जास्त तापतं, आणि थंड सकाळी पिनियनच्या पुढच्या बेअरिंगपर्यंत उशिरा पोहोचतं. त्या बेअरिंगला क्राउनने उडवलेलंच ऑइल मिळतं. ‘इंजिनमध्ये 40, मग 90 दुप्पट घट्ट’ हाही गैरसमज आहे. दोन्ही मोजपट्ट्या वेगळ्या, गिअर ऑइलचा 90 नंबर इंजिन ऑइलच्या 40-50 च्या आसपास बसतो.

75डब्ल्यू-90 सारख्या नावात ‘डब्ल्यू’च्या आधीचा आकडा थंडीचा: 75 ची परीक्षा उणे 40 अंशांची, 80 ची उणे 26 ची. आपल्याकडे महाबळेश्वरच्या हिवाळ्यातही त्या आकड्यावरून अडत नाही. मॅन्युअलमध्ये असेल तोच ग्रेड, बहुतेक वेळा 75डब्ल्यू-90 किंवा 80डब्ल्यू-90. ट्रॅकवर सतत पळणाऱ्या किंवा जड ट्रेलर ओढणाऱ्या गाडीला कंपनी सांगत असेल तरच 75डब्ल्यू-140. दर्जा मात्र जीएल-5 हवाच. क्राउन-पिनियनचे हायपॉइड दात एकमेकांवर घसरत फिरतात, त्यांना तो दाब झेलणारं रसायन लागतं. तेच ऑइल गिअरबॉक्समध्ये ओतू नका, पितळी सिंक्रोनायझरला (गिअर पडताना वेग जुळवणाऱ्या कड्यांना) ते बाधू शकतं.

‘ॲडिटिव्ह टाकाच’

क्लच-प्लेटवाल्या एलएसडीला वळताना कडकड होत असेल तर हे ॲडिटिव्ह, म्हणजे फ्रिक्शन मॉडिफायर, लागतो. साध्या ओपन डिफरन्शियलमध्ये आणि हेलिकल गिअरच्या एलएसडीत त्याचं काही काम नाही. जास्त घातलं तर प्लेटा घसरतात आणि एलएसडी ओपनसारखी वागते. पुष्कळ ऑइलांत तो आधीच असतो, डब्यावर ‘एलएस’ लिहिलेलं वाचा.

‘जन्मात उघडायला नको’

कृष्णेकाठी हे बोलण्याची हिंमत कशी होते कोण जाणे. गरम ॲक्सल पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून (ॲक्सलची हवा सोडणाऱ्या नळीतून) किंवा सीलमधून पाणी आत ओढलं जातं. 2019 किंवा 2021 च्या पुरात चाकं बुडालेली गाडी घेत असाल तर आधी डिफरन्शियलचं ऑइल बघा. ताकासारखं पांढुरकं दिसलं तर काढून टाका, नवं भरून 100-150 किलोमीटर चालवा आणि परत बदला. ब्रीदर चिखलाने बुजलेला असेल तर दाब वाढून ऑइल ॲक्सल सीलमधून थेट ब्रेकवर येतं.

बदलताना गाडी थोडी फिरवून ऑइल कोमट करा, सपाट जागी लावा. भरायचा प्लग आधी सोडवा आणि मगच खालचा काढा. वरचा जाम निघाला आणि खालचं ऑइल सांडलेलं असलं तर गाडी जागेवरच अडकते. आतली धातूची पूड धरणाऱ्या मॅग्नेटवर करडा लेप असेल तर ठीक, नखात धरता येईल असा कण असेल तर कव्हर उघडा. नवं ऑइल भरायच्या भोकाच्या खालच्या कडेला लागेपर्यंत भरा.