पार्सल मिळालं नाही या १ स्टार रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार ताई, तुम्हाला त्रास झाला त्याबद्दल मनापासून सॉरी. पैसे भरून वस्तू हातात आली नाही की कुणालाही राग येणारच, त्यात काही चूक नाही.

पण तुम्ही लिहिलंय "पार्सल पाठवलंच नाही, फोन पण उचलत नाहीत, फ्रॉड लोक आहेत", हे वाचून सकाळपासून हातात काम धरवत नाहीये. ६ तारखेला संध्याकाळी कुडाळवरून पार्सल निघालं, मालवणी मसाला १ किलो आणि कोकमाच्या आगळाच्या (घट्ट रसाच्या) २ बाटल्या, वजनाच्या पावतीवर २ किलो ९४० ग्रॅम आहे आणि त्याच दिवशी ट्रॅकिंगची लिंक तुम्हाला व्हॉट्सअ‍ॅप केली, निळ्या टिक पण आल्यात. ९ तारखेला दुपारी १२.४० ला कुरियरने डिलिव्हर्ड दाखवलं. आम्हाला वाटलं पोचलं, आता ताईंचा मसाला कसा वाटला म्हणून मेसेज येईल.

तुमचा पहिला मेसेज आला १८ तारखेला रात्री ११.१० ला. त्यानंतर ११.१४ आणि ११.१६ ला दोन मिस्ड कॉल. ताई, आम्ही घरचीच माणसं, मी, मिस्टर आणि सासूबाई, पहाटे ५ ला उठतो, रात्री ११ ला आमच्याकडे कोण जागं असणार? मोबाईल चार्जिंगला होता. सकाळी बघते तर ७.३० ला रिव्ह्यू पडलेला. म्हणजे ९ दिवस काही नाही आणि आम्हाला एक रात्र पण नाही. "फोन उचलत नाहीत" लिहिलंत तसं किती वाजता केला होता ते पण लिहायला हवं होतं, एवढंच म्हणणं आहे. ९ ला नाहीतर १० ला नुसतं "आलं नाही हो" म्हणाला असता तर मी त्याच दिवशी तक्रार टाकली असती, कारण आमच्या कुरियरकडे डिलिव्हर्ड दाखवल्यापासून ३ दिवसच असतात, नंतर ते ऐकूनच घेत नाहीत. तरी मी १९ ला सकाळी टाकली, तासाभरात बंद करून टाकली त्यांनी. पुरावा म्हणून एक फोटो पाठवलाय, त्यात आमचा खोका वॉचमनच्या निळ्या खुर्चीवर आहे, दोरी बांधलेली माझ्या हाताची गाठ ओळखू येते. पुढे तो कुणी उचलला ते मी इथे बसून कसं सांगू? तुमच्या पत्त्यात फ्लॅट नंबर होता, विंग नव्हती (पत्ता इथे टाकत नाही, काळजी नको). मागे एका ताईंचं पार्सल ४ दिवस समोरच्या आजींकडे पडून होतं, म्हणून म्हटलं एकदा बाकीच्या विंगमध्ये पण विचारा.

काही लोक म्हणतात कॅश ऑन डिलिव्हरी ठेवा. ठेवली होती, दारातून पार्सल परत यायची आणि जायचं यायचं दोन्ही भाडं आमच्या बोकांडी. मे महिन्यात खळ्यात मिरची वाळवून, डंकावर उभं राहून, शिंकून शिंकून केलेला मसाला आहे, १४३० रुपयांसाठी कुणाला फसवायचं असतं तर हा उद्योग कशाला केला असता.

असो. दुसरं पार्सल आमच्या खर्चाने पाठवते, नको असेल तर पैसे परत करते, काय ते आज कळवा. मोठ्या ऑर्डरला ओटीपी लावायचं पण बघतोय, पार्सलमागे जादा पैसे घेतात म्हणून थांबलो होतो. सोमवारी पिकअप आहे, पत्ता परत टाका, विंगसकट. आणि फोन सकाळी ६ नंतर कधीही करा.