वस्ताद, 51 चा हट्ट सोडा

वस्ताद, नमस्कार.

पैलवान पोरांच्या खुराकावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत, ते नीट वाचलं. थोडक्यात तुमचं म्हणणं असं: वजन तोडणं हीच पैलवानाची खरी शिस्त आहे. पॅरिस ऑलिंपिकमध्ये विनेश फोगाट 100 ग्रॅम वजन जास्त भरल्याने बाद झाली ती शिस्त कमी पडली म्हणून, आणि तिथेच अमन सेहरावतने 10 तासांत 4.6 किलो उतरवून पदक आणलं ते शिस्तीमुळेच. पोराने वजन तोडलं नाही तर वरच्या वजनगटातून उतरलेला जोड (समोरचा पैलवान) त्याला चिरडून टाकेल. आणि आहार सांगणाऱ्यांनी आधी आखाड्यात उतरावं. शेवटी तुम्ही एक थेट प्रश्न विचारलाय: पोरगा 16 वर्षांचा, वजन 54 किलो, निवड चाचणी दहा दिवसांवर, 51 किलोच्या गटात खेळवायचाय, काय करू?

आखाड्याचं तुमचं म्हणणं मला मान्य आहे. मातीतलं तुम्हाला कळतं तेवढं मला कळत नाही. पण पोटात गेलेल्या अन्नाचं पुढे काय होतं, हे माझं रोजचं काम आहे, म्हणून त्यापुरतंच बोलतो.

विनेशबद्दलचं तुमचं वाक्य मला लागलं. 53 किलोची पैलवान पॅरिसला 50 किलोच्या गटात उतरली. पहिल्याच दिवशी तीन कुस्त्या जिंकल्या, त्यातली पहिली तोवर आंतरराष्ट्रीय मैदानात न हरलेल्या जपानच्या युई सुसाकीवर. कुस्त्यांच्या मधे खावं-प्यावं लागतंच, त्याने संध्याकाळी वजन गटाच्या मर्यादेच्या 2.7 किलो वर गेलं. मग रात्रभर पळणं, सौना (तापवलेल्या खोलीत बसून घाम काढणं), पाण्याचा थेंब नाही, केसही कापले. तरी अंतिम कुस्तीच्या दिवशी सकाळी काटा 100 ग्रॅम वर राहिला. यात शिस्त कुठे कमी पडली? शरीरातून काढण्यासारखं पाणीच उरलं नव्हतं. अमनला ते जमलं, त्याचा मला अभिमान आहे. पण तो 21 वर्षांचा, ऑलिंपिकच्या तयारीचा गडी, आणि प्रशिक्षक रात्रभर त्याच्या शेजारी होते. तुमचा पोरगा अजून उंची घेतोय.

जिल्ह्याच्या स्पर्धेत वजनकाट्याच्या रांगेत उभी असलेली पोरं तुम्हीही पाहता. अंगात दोन स्वेटर, वर रेनकोट, ओठांवर पांढरी साय, आणि हातातल्या डब्यात थुंकत राहायचं. काट्यावरून उतरलं की केळी, ग्लुकोज, जे हाताला लागेल ते. पोट भरतं, पण स्नायू भरत नाहीत. स्नायूत साठवलेल्या साखरेच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर साधारण तीन ग्रॅम पाणी धरलेलं असतं. वजन तोडताना ही साखर आणि हे पाणी दोन्ही जातात, आणि साखरेचा साठा पुन्हा भरायला जवळपास एक दिवस लागतो. कुस्ती तर दोन-तीन तासांत लागते. पहिली फेरी पोरगा जिद्दीवर काढतो, दुसऱ्या फेरीत पट काढायला, म्हणजे जोडाचे पाय धरायला, वाकतो आणि पोटरीला गोळा येतो. मग आपण म्हणतो, दम कमी पडला.

तुमचा जोडाचा मुद्दा मात्र खरा आहे. सगळेच वजन तोडतात तेव्हा एकट्याने न तोडणाऱ्याला वाटतं आपण फसलो. म्हणूनच हे एकेका पोरावर सोडून चालत नाही, नियम लागतो. 1997 च्या शेवटी अमेरिकेत कॉलेजचे तीन पैलवान वजन उतरवता उतरवता मेले. त्यानंतर तिथे सौना आणि रबरी सूट बंद झाले, हंगामाआधी लघवी तपासून, म्हणजे अंगात पाणी पुरेसं आहे ना ते बघून, प्रत्येकाचं किमान वजन ठरायला लागलं, आणि आठवड्याला दीड टक्क्यापेक्षा जास्त वजन उतरवायला बंदी आली. आपल्याकडे तालमीत वस्तादाचा शब्द चालतो. हा नियम तुम्ही उद्या सकाळी करू शकता.

आणि खाशाबा जाधवांना आठवा. 1948 ला लंडनमध्ये ते 52 किलोत खेळले, सहावे आले. 1952 ला हेलसिंकीत 57 मध्ये उतरले आणि कांस्यपदक घेऊन आले. गोळेश्वरच्या पैलवानाला पदक वरच्या गटात मिळालं.

मी ज्या शिस्तीबद्दल लिहिलं होतं ती बाकीच्या दिवसांची आहे. पोरगा पहाटे जोर-बैठका मारतो आणि नंतर चहा-खारीवर शाळेत जातो, तिथे ती मोडते. 54 किलोच्या पोराला दिवसाला 85 ग्रॅमच्या आसपास प्रथिनं हवीत. लिटरभर दुधातून 32 येतात, चार अंड्यांतून 25, मूठभर शेंगदाण्यांतून दहाएक, बाकीची दोन्ही वेळच्या डाळ-उसळ-भाकरीतून. बदामाच्या थंडाईला माझा विरोध नाही, पण घरची ओढाताण करून बदाम आणू नका. 100 ग्रॅम बदामात प्रथिनं 21 ग्रॅम, तेवढ्याच शेंगदाण्यात 25, आणि किमतीतला फरक तुम्हाला मी सांगायला नको. व्यायाम संपल्यावर तासाभरात दूध आणि दोन केळी पोटात गेली पाहिजेत, चहा नंतर. हे रोज, सणाला आणि परीक्षेतही. एक रात्र उपाशी राहण्यापेक्षा हे अवघड आहे, कारण याला कुणी टाळ्या वाजवत नाही.

आता तुमचा प्रश्न. दहा दिवसांत तीन किलो म्हणजे त्याच्या वजनाच्या साडेपाच टक्के. त्यातलं बहुतेक पाणी आणि स्नायूच असणार. पोराला 55 मध्ये खेळवा. त्या गटात तो किलोभर हलका राहील, म्हणून त्याला रात्री पोटभर जेवू द्या, सकाळी पाणी पिऊ द्या. काट्याच्या आदल्या दिवशी पालेभाजी-उसळीऐवजी दही-भात दिलात तर पोट हलकं राहील, बाकी काही तोडू नका. यंदा 55 मध्ये निवड नाही झाली तर पुढच्या वर्षी 60 चा विचार करू. रोज सकाळी उठल्या उठल्या त्याचं वजन वहीत लिहायला लावा आणि महिन्याने ती वही मला पाठवा, खुराक त्यावरून ठरवू.