‘पन्नाशीनंतर बघू’ : तरुण मधुमेहींच्या हृदयाविषयी फिरणाऱ्या संदेशाला उत्तर

गेल्या महिन्याभरात आमच्या घरच्या व्हॉट्सॲप समूहावर एक संदेश तीनदा येऊन गेला. त्याचा आशय असा : मधुमेहातून होणारा हृदयविकार हा पन्नाशीनंतरचा आजार आहे, चाळिशीच्या आतल्या मधुमेहींनी फक्त साखर सांभाळावी, अंगाने सडपातळ असाल आणि ईसीजी चांगला आला असेल तर काळजीचे कारण नाही, कोलेस्टेरॉलची गोळी मात्र मुळीच घेऊ नये, कारण तिच्यामुळेच मधुमेह होतो. तो पाठवणाऱ्या थोरल्या काकांचा हेतू चांगलाच होता. परंतु माझी भाची २४ वर्षांची आहे, अकराव्या वर्षापासून ती इन्सुलिन घेते, आणि तो संदेश वाचून तिने मला विचारले, ‘मामा, यंदाच्या तपासण्या पुढच्या वर्षावर टाकल्या तर चालतील का?’ त्या प्रश्नामुळे हे सविस्तर लिहितो आहे.

वयाच्या मुद्द्यात थोडे तथ्य आहे, ते आधी मान्य करतो. पंचविशीत हृदयविकाराचा झटका येणे मधुमेह असतानाही दुर्मीळच असते. पण धमन्यांच्या दृष्टीने वय मोजायचे ते मधुमेह सुरू झाल्यापासून, कारण वाढलेली साखर, तिच्या जोडीला येणारा रक्तदाब आणि रक्तातील बिघडलेली चरबी यांचा परिणाम धमनीच्या अस्तरावर वर्षानुवर्षे साचत जातो. स्वीडनच्या राष्ट्रीय मधुमेह नोंदवहीवर आधारलेला, टाइप १ मधुमेहाच्या (ज्यात शरीरात इन्सुलिन जवळजवळ तयारच होत नाही) २७ हजारांहून अधिक रुग्णांचा अभ्यास २०१८ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांचे निदान वयाच्या दहा वर्षांच्या आत झाले होते त्यांच्यात हृदयाच्या धमन्यांच्या विकाराचा धोका, मधुमेह नसलेल्या समवयस्कांच्या तुलनेत, सुमारे तीसपट आढळला. आयुर्मान स्त्रियांमध्ये १७ वर्षांहून अधिक आणि पुरुषांमध्ये सुमारे १४ वर्षांनी घटलेले दिसले. तीसपटीचा आकडा वाचून घाबरून जाऊ नये : समवयस्कांमधील मूळ धोका अगदी लहान असल्याने पट मोठी दिसते, आणि अभ्यासातील अनेक रुग्णांचा मधुमेह आजच्यासारखे ग्लुकोज सेन्सर उपलब्ध नसताना सुरू झाला होता. तरीही धोक्याची दिशा स्पष्ट आहे. रजोनिवृत्तीपूर्वी स्त्रियांच्या हृदयाला जे नैसर्गिक संरक्षण असते, तेही मधुमेहात बरेचसे हरपते. भाचीच्या बाबतीत मला हीच गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते.

टाइप २ चे, म्हणजे शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही अशा मधुमेहाचे, चित्रही वेगळे नाही. स्वीडनच्याच २०१९ मधील अभ्यासात, चाळिशीपर्यंत निदान झालेल्यांमध्ये धमनीविकाराचा धोका समवयस्कांच्या चौपटीहून अधिक होता, तर ऐंशीनंतर निदान झालेल्यांमध्ये हा जादा धोका जवळजवळ उरत नव्हता. म्हणजे संदेशाने नेमकी उलटी मांडणी केली आहे. अमेरिकेत दहा ते सतरा या वयात टाइप २ मधुमेह झालेल्या मुलामुलींचा जो दीर्घ पाठपुरावा झाला, त्यात सरासरी वय २६ असतानाच सुमारे दोन तृतीयांश जणांना उच्च रक्तदाब, निम्म्यांना रक्तातील चरबीचे विकार आणि निम्म्याहून अधिक जणांना मूत्रपिंडाचा विकार जडलेला आढळला. हे सगळे हृदयविकाराचे पूर्वसूचक असून, पन्नाशीची वाट त्यांनी पाहिलेली नाही.

‘फक्त साखर सांभाळा’ या वाक्यातला ‘फक्त’ हा शब्द घातक आहे. साखर सांभाळण्याचे महत्त्व निर्विवाद आहे. अमेरिका आणि कॅनडामध्ये १९८३ ते १९९३ या काळात १३ ते ३९ वयाच्या १,४४१ टाइप १ रुग्णांवर एक चाचणी झाली, तीत निम्म्यांची साखर सरासरी साडेसहा वर्षे काटेकोरपणे नियंत्रित ठेवली होती. चाचणी संपल्यावर दोन्ही गटांची साखर जवळपास सारखी झाली, तरी २००५ मध्ये जाहीर झालेल्या निष्कर्षांत काटेकोर गटात हृदय व रक्तवाहिन्यांच्या घटना ४२ टक्क्यांनी कमी भरल्या. तरुणपणीच्या त्या साडेसहा वर्षांची कमाई शरीराने पुढे कितीतरी वर्षे जपून ठेवली. पण डेन्मार्कमधील स्टेनो-२ ही चाचणीही सोबत वाचली पाहिजे. तिचे १६० रुग्ण मध्यमवयीन होते, तरी तिचा धडा तरुणांनाही लागू पडतो, असे माझे मत आहे. साखर, रक्तदाब, कोलेस्टेरॉल आणि राहणीमान या सगळ्यांवर एकाच वेळी उपचार केल्यावर सुमारे आठ वर्षांत हृदय व रक्तवाहिन्यांच्या घटनांचा धोका निम्म्यावर आला, आणि विशेष म्हणजे ठरवलेल्या लक्ष्यांपैकी साखरेचे लक्ष्य गाठणारे रुग्ण सर्वांत कमी होते. रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल सोडून दिले असते, तर एवढा फायदा झाला नसता. तंबाखूही याच हिशेबात धरावी लागते, आणि मिश्री घासणे म्हणजे तंबाखू नव्हे ही आपल्याकडची समजूत टाकून द्यावी लागते.

सडपातळ असण्याच्या मुद्द्याला तर पुण्यातूनच उत्तर मिळालेले आहे. केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी सहकाऱ्यांसह केलेल्या अभ्यासात पुण्याच्या परिसरातील नवजात बाळांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांचे सुमारे साडेतीन किलो होते. आपल्या बाळांचे स्नायू आणि पोटातील अवयव लहान होते, पण त्वचेखालची चरबी मात्र त्या मानाने टिकून होती. आपल्यातील अनेकांची शरीरे काट्यावर हलकी आणि आतून चरबीची असतात. म्हणून भारतीयांनी वजनाइतकेच कमरेकडे लक्ष द्यावे : पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या पुढचा घेर धोक्याचा मानतात.

ईसीजीबद्दल फार लिहायला नको. विश्रांतीत काढलेला आलेख त्या क्षणाची विद्युतक्रिया दाखवतो. धमनी किती अरुंद झाली आहे हे त्यावरून कळेलच असे नाही. शिवाय मधुमेहाने नसा बधिर झाल्या असतील तर छातीत कळ न येताही झटका येऊ शकतो. अचानक दम लागणे, दरदरून घाम फुटणे, मळमळणे किंवा कारण नसताना गळून जाणे या तक्रारी मधुमेही माणसाने पित्तावर ढकलू नयेत.

राहिली कोलेस्टेरॉलची गोळी. स्टॅटिन या गटातल्या या गोळ्यांनी मधुमेहाची शक्यता किंचित वाढते, हे खरे आहे. २०१० मध्ये १३ चाचण्या एकत्र करून काढलेला हिशेब असा, की २५५ जणांनी चार वर्षे गोळी घेतली तर एकाला जादा मधुमेह होतो. पण ज्याला मधुमेह आधीच आहे त्याला हे कारण सांगून गोळीपासून दूर ठेवणे तर्काला धरून नाही. २००४ च्या एका चाचणीत, हृदयविकार नसलेल्या २,८३८ टाइप २ मधुमेहींपैकी ज्यांना ॲटोरव्हास्टॅटिन हे स्टॅटिन दिले त्यांच्यात मोठ्या हृदयघटना आणि पक्षाघात ३७ टक्क्यांनी कमी झाले. ती चाळिशीपुढच्यांची चाचणी होती. चाळिशीच्या आत प्रत्येकालाच गोळी लागते असे नाही. एलडीएल (‘वाईट’ कोलेस्टेरॉल), रक्तदाब, लघवीतील अल्ब्युमिन (मूत्रपिंडाची इजा दाखवणारे प्रथिन), मधुमेहाची वर्षे आणि घराण्यातील हृदयविकार पाहून डॉक्टर ठरवतात. गर्भधारणेचा विचार असलेल्या मुलींनी तर ही गोष्ट आधीच डॉक्टरांच्या कानावर घालावी.

भाचीला मी सांगितले, की तपासण्या पुढे ढकलायच्या नाहीत. येत्या शनिवारी ती उपाशीपोटी रक्त द्यायला जाणार आहे : एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर), कोलेस्टेरॉलचे सगळे घटक आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम दाखवणारी तपासणी), त्याच दिवशी लघवीतील अल्ब्युमिन, रक्तदाब, डोळ्यांचा पडदा आणि पायांची संवेदना. एलडीएलचा आकडा आला की त्याचा अर्थ ती डॉक्टरांनाच विचारणार आहे. काकांना हे उत्तर त्याच समूहावर पाठवले आहे.