महाराजांच्या काळी कोणी प्रश्न विचारत नव्हतं म्हणे!

सध्या बडोद्यातल्या मराठी ग्रुपांवर एक मेसेज जोरात फिरतोय. मला मामांनी पाठवला, मग सोसायटीच्या ग्रुपवर आला, मग शाळेतल्या जुन्या मित्रांकडूनही आला. त्यात म्हटलंय ते थोडक्यात असं, की सयाजीराव महाराजांच्या काळी हिशोब मागणारं कोणी नव्हतं, आरटीआय म्हणजे माहितीचा अधिकार नव्हता, म्हणून शाळा झाल्या, लायब्ररी झाल्या, शहराला पाणी देणारा आजवा तलाव झाला. आता जो तो उठून प्रश्न विचारतो म्हणून काहीच होत नाही. तेव्हा पाच वर्षांतून एकदा मत द्या, मग नेत्याला काम करू द्या, आणि जो स्वतः रस्त्यावर कचरा टाकतो त्याने तर तोंडच उघडू नये.

महाराजांबद्दल तुमच्या मनात जो आदर आहे तोच माझ्याही मनात आहे, आणि म्हणूनच राहवत नाहीये, कारण त्यांच्या नावावर जे सांगितलं जातंय ते त्यांच्या कारभाराच्या अगदी उलट आहे.

कोणी प्रश्न विचारत नव्हतं म्हणून कामं झाली असं खरंच असतं तर महाराजांच्या आधीचे राजे मल्हारराव गायकवाड यांच्या वेळी बडोद्याचं सोनं व्हायला पाहिजे होतं. गादी तीच, राज्य तेच, विचारणारं तर अजिबातच कोणी नाही. झालं काय, तर सोन्याच्या तोफा ओतल्या गेल्या आणि रयतेच्या तक्रारी इतक्या वाढल्या की १८७३ मध्ये इंग्रजांना चौकशी कमिशन बसवावं लागलं आणि १८७५ मध्ये मल्हाररावांना गादीवरून काढलं. (रेसिडेंटवरच्या, म्हणजे दरबारातल्या इंग्रज प्रतिनिधीवरच्या, विषप्रयोगाचा आरोप सगळ्यांना माहीत असतो, पण त्यात कमिशनच्या मेंबरांचं एकमत झालंच नाही, गादी गेली ती गैरकारभाराचं कारण देऊन.) त्यानंतर कवळाण्याहून बारा वर्षांचा मुलगा दत्तक आला, तोवर टी. माधवरावांनी दिवाण म्हणून खजिन्याची घडी बसवली, आणि पुढे महाराजांनी आयुष्यभर केलं काय, तर प्रत्येक गोष्ट कागदावर आणली. दरवर्षी राज्याचा अहवाल छापला जायचा, वसूल किती, खर्च कशावर, शाळेत पोरं किती. हुकूम आज्ञापत्रिकेत, म्हणजे राज्याच्या गॅझेटात, छापून यायचे. १८९४ मध्ये सर्व्हे खात्यातल्या बापटांवर लाचेचे आरोप झाले तेव्हा कमिशन बसलं, साक्षीपुरावे झाले, आणि बापटांच्या बाजूने काम करायला खुद्द टिळक बडोद्यात येऊन राहिले होते. म्हणजे आरोप उघड आणि बचावही उघड. १९०८ मध्ये धारासभा, म्हणजे राज्याचं कायदेमंडळ, सुरू झाली, तिला अधिकार फार नव्हते हे खरंय, म्हणून तर पुढे प्रजामंडळाने, म्हणजे रयतेच्या संघटनेने, जबाबदार राज्यपद्धती मागितली. मग कोणी विचारत नव्हतं हे आलं कुठून?

आणि शाळांचंच घ्या. सक्तीचं शिक्षण एका रात्रीत हुकूम काढून झालेलं नाहीये. १८९३ मध्ये आधी अमरेलीत आणि आसपासच्या काही गावांत करून पाहिलं, नंतर तेरा वर्षांनी, १९०६ मध्ये, सगळ्या राज्यात लागू केलं.

आता मेसेजमध्ये जे मुळीच नाही ते सांगतो, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं हेच आहे. बाबासाहेब आंबेडकरांना कोलंबियाला शिकायला महाराजांनी १९१३ मध्ये स्कॉलरशिप दिली हे आपण अभिमानाने सांगतो आणि सांगावंच. पण १९१७ मध्ये ते स्कॉलरशिपचा करार पाळायला नोकरीसाठी बडोद्यात आले तेव्हा त्यांना राहायला एक खोली मिळाली नाही. पारशी धर्मशाळेत पारशी नाव लावून राहिले, ते कळल्यावर काठ्या घेऊन लोक आले आणि त्यांना बाहेर काढलं. ऑफिसात शिपाई विटाळ नको म्हणून लांबून फाइली टाकायचे. शेवटी कमाटी बागेत, म्हणजे आपल्या सयाजीबागेत, झाडाखाली बसून राहिले आणि रात्रीच्या गाडीने मुंबईला परत गेले. आता विचार करा, हिंदुस्थानातला बहुधा सगळ्यात चांगला राजा, त्याने स्वतः शिकवलेला माणूस, त्याचंच शहर, आणि तरी त्याची इच्छा खालच्या कारकुनापर्यंत, शिपायापर्यंत, घरमालकापर्यंत पोहोचली नाही. कारण त्या कारकुनाला जाब विचारायची कुठलीच सोय बाबासाहेबांकडे नव्हती, होता फक्त महाराजांचा शब्द. वरचा माणूस चांगला असला की भागतं असं म्हणणाऱ्यांनी ही गोष्ट नीट वाचावी.

प्रश्नांमुळे कामं अडतात म्हणतात. पादऱ्याजवळचा मही नदीवरचा गंभीरा पूल ९ जुलै २०२५ ला भर सकाळी तुटला, गाड्यांसकट वीसेक माणसं गेली. पूल १९८५ चा. आणि जिल्हा पंचायतीच्या सदस्याने २०२२ मध्येच लेखी कळवलं होतं की पूल धोक्याचा आहे. प्रश्न विचारला होता हो, उत्तर दिलं नाही! हरणी तलावाचंही तेच, १८ जानेवारी २०२४ ला बोट उलटून १२ लहान मुलं आणि २ शिक्षिका गेल्या, तलावाचं कंत्राट २०१७ चं, आणि ते कोणत्या अटींवर दिलं, कोणी दिलं हे शहरभर चर्चेला आलं ते मुलं गेल्यावर, हायकोर्टाने स्वतःहून दखल घेतल्यावर. मधल्या वर्षांत ते कागद चार पालकांनी मागवून वाचले असते तर कोणतं काम अडलं असतं ते मला कोणीतरी सांगा.

प्रश्न विचारल्याने काम होतं हे मी आमच्या गल्लीतच पाहिलंय. पाण्याच्या लाइनसाठी रस्ता खोदला, वरवर माती लोटून कंत्राटदार गायब, वॉर्ड ऑफिसात गेलं की साहेब साइटवर. शेजारच्या काकांनी, रिटायर्ड माणूस, आरटीआय टाकून वर्क ऑर्डर आणि मेजरमेंट बुकची, म्हणजे झालेल्या कामाची मापं लिहायच्या वहीची, कॉपी मागवली. बुकात रस्ता पूर्ववत केल्याची नोंद, लांबी रुंदी सगळं लिहिलेलं. काकांनी घरातला टेप घेतला, आम्ही दुसरं टोक धरलं, आणि लिहिलेली लांबी गल्ली संपून पुढच्या वळणाच्याही पलीकडे जात होती! तो कागद आणि फोटो अर्जाला जोडून दिले आणि डांबर पडलं. भांडण नाही, मोर्चा नाही.

पाच वर्षांत एकदा मत द्या आणि गप्प बसा हे तर आपल्या महापालिकेला लागूच पडत नाही. १९ वॉर्ड, ७६ नगरसेवक, त्यांना आपण निवडतो, बरोबर. पण कायद्याने रोजचा कारभार ज्याच्या हातात असतो तो म्युनिसिपल कमिशनर राज्य सरकार पाठवतं, त्याला कोणी मत दिलेलं नसतं. टेंडर वर्षभर निघतात, बजेट दरवर्षी येतं. मग मधल्या काळात खंडेराव मार्केटच्या त्या बिल्डिंगमध्ये, म्हणजे महापालिकेच्या ऑफिसात, काय चाललंय हे विचारायचं कोणी?

राहिला कचरा. टाकू नयेच, टाकणाऱ्याला दंड करा, माझा पाठिंबा आहे. पण एकाने केळ्याचं साल टाकलं म्हणून दुसऱ्याने पुलाचा हिशोब मागायचा नाही हा कुठला न्याय? हरणीच्या त्या लेकरांनी काय टाकलं होतं? २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री ३५ फुटांच्या वर गेली आणि लोकांच्या घरात पाणी शिरलं, तेव्हा वेरा, म्हणजे पालिकेचा कर, वेळेवर भरणारेही बुडाले आणि न भरणारेही. नदीकाठी बांधकामाला परवानगी नागरिक देत नाहीत, ऑफिस देतं. आणि कायदाही स्वच्छ आहे, माहिती मागणाऱ्याला कारण विचारता येत नाही, तो कोण, कसा, हे बघायचं नसतं.

मामांना मी हेच लिहून पाठवलंय. ज्यांना आपल्या गल्लीचं विचारायचंय त्यांच्यासाठी एवढंच, गुजरातमध्ये अर्जाची फी वीस रुपये आहे, उत्तर तीस दिवसांत द्यावं लागतं, नाही दिलं तर त्याच खात्यातल्या वरच्या अधिकाऱ्याकडे अपील करता येतं. 'रस्ता का केला नाही' असं लिहू नका, त्याला उत्तर येत नाही. वर्क ऑर्डर, एस्टिमेट आणि मेजरमेंट बुकच्या कॉप्या मागा, आणि काम बिघडलं तर किती वर्षं कंत्राटदाराने फुकट दुरुस्त करायचं आहे त्याचा कागद मागा. अर्ज गुजराती, हिंदी किंवा इंग्रजीत लागतो, मराठीत दिला तर परत येऊ शकतो, तेव्हा घरातल्या गुजराती शाळेत शिकलेल्या पोरांना बसवा लिहायला.