खोकला नाही, म्हणून टीबी नाही?

सतरा वर्षं तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात लोकांचा बेडका तपासतोय. आज मन भरून आलंय म्हणून लिहितोय.

दसऱ्याच्या आधी एक बाई आल्या. डबी पदरात गुंडाळलेली, चारचौघांत काढायची लाज. उघडली तर आत नुसती लाळ. म्हटलं, "ताई, हे नाही चालायचं. दोन-तीनदा खोल श्वास घ्या, मग पोटातून खोका."

"दादा, इथं? सगळ्यांसमोर?"

मागच्या लिंबाखाली पाठवलं. दहा मिनिटांनी आल्या तेव्हा डबीत पिवळट, घट्ट बेडका होता. ट्रूनॅटवर, म्हणजे टीबीचे जंतू शोधणाऱ्या छोट्या मशीनवर लावला. पॉझिटिव्ह. त्याआधी तीन महिने त्या गावातल्या एका खाजगी डॉक्टरकडून खोकल्याचं औषध नेत होत्या. बेडका कुणी मागितलाच नव्हता. आणि मी ती लाळच तपासली असती तर कागदावर 'निगेटिव्ह' आलं असतं आणि बाई निर्धास्तपणे ऊस तोडायला गेल्या असत्या.

पण मला सांगायचंय ते त्यांच्या नवऱ्याबद्दल. घरातल्या सगळ्यांचे एक्स-रे काढले, तेव्हा तो म्हणाला, "मला काय धाड भरलीय? साधा खोकलासुद्धा नाही." उजव्या फुप्फुसात वरच्या बाजूला डाग निघाला. बेडका निघता निघेना, पण निघाला तो पॉझिटिव्हच.

2019 ते 2021 मध्ये देशभर टीबीचं सर्वेक्षण झालं. त्यात सापडलेल्या रुग्णांपैकी जवळपास 43 टक्के केवळ एक्स-रेमुळे सापडले. नुसती लक्षणं विचारली असती तर ते हातचे सुटले असते. आणि लक्षणं असलेल्यांपैकी 64 टक्के लोक कुठल्याच डॉक्टरकडे गेले नव्हते! तरी आमच्याकडे आशाताई दारात जाऊन विचारतात, "दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला आहे का?" नाही म्हटलं की पुढचं घर. त्यांचा काय दोष? त्यांच्या हातात प्रश्नांचा कागद आहे, मशीन नाही.

मशीन आहेत हो. हातात धरून वस्तीवर नेता येतील अशी एक्स-रे मशीन आता आली आहेत. ट्रूनॅट तर आपल्या शेजारी गोव्यात बनतं, बॅटरीवर चालतं, तासाभरात निकाल देतं. तोडणी मजूर गाव सोडायच्या आधी, वीटभट्टी पेटायच्या आधी प्रत्येकाचा एक्स-रे काढा, खोकला असो वा नसो. आणि त्या दिवसाचा रोज द्या. निदान झाल्यावर पोषणासाठी महिन्याला 1000 रुपये मिळतात, पण निदानापायी बुडालेली मजुरी कोण देतं?

नवराबायकोचे उपचार सुरू आहेत, दोन्ही लेकरांना प्रतिबंधक गोळ्या दिल्यात. मुकादमाची उचल अंगावर असूनही ते यंदा तोडीला गेले नाहीत. त्यांच्या टोळीत आणखी नऊ कोयते, म्हणजे नवराबायकोच्या जोड्या होत्या, गेल्या हंगामात शेजारी शेजारी खोप्या टाकून राहिलेल्या. त्यांना तपासायला आम्ही गावात पोचलो, तेव्हा ट्रक पहाटेच निघून गेला होता.