पदक देतो, पण तेवढं बोलू नका

सुप्रीम कोर्टाने ऑक्टोबर २०२३ मध्ये समलिंगी लग्नाला मान्यता द्यायला नकार दिला, तो विषय निघाला की आमच्या पुण्याच्या मित्रमंडळींच्या ग्रुपवर दोन वाक्यं ठरलेली. एक म्हणजे हे सगळं अमेरिकेचं फॅड, तुम्ही तिकडे बसून आम्हाला शिकवू नका. दुसरं जरा सभ्य, की कलाकाराची कला बघा ना, त्याच्या बेडरूममध्ये कशाला डोकावायचं. पहिल्याला उत्तर द्यायचा कंटाळा आलाय, समलिंगी संबंध गुन्हा ठरवणारं कलम ३७७ इंग्रजांनी १८६० साली आणलं वगैरे आता सगळ्यांना पाठ आहे. मला खटकतं ते दुसरं, कारण अमेरिकेने विसाव्या शतकात बराच काळ नेमकं हेच केलं.

मी फिलाडेल्फियाजवळ राहते. इथे ४ जुलैच्या, म्हणजे स्वातंत्र्यदिनाच्या कार्यक्रमात संगीतकार आरन कोपलंड हमखास वाजतो. कुरणं, काउबॉय, साधा कष्टकरी माणूस, म्हणजे "अस्सल अमेरिका" कानाला कशी लागते हे ज्याने ठरवलं तो ब्रुकलिनचा ज्यू, आणि गे. बीफच्या टीव्ही जाहिरातीतसुद्धा त्याचंच संगीत! दुसरा संगीतकार सॅम्युअल बार्बर, त्याचं 'अडाजिओ फॉर स्ट्रिंग्ज' १९४५ साली राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट गेले तेव्हा रेडिओवर लागलं आणि तेव्हापासून देशात कुणी मोठं गेलं की तेच आठवतं. बार्बर तर इथलाच, कर्टिस इन्स्टिट्यूटमध्ये शिकला, तिथेच त्याला त्याचा जोडीदार, संगीतकार मेनोत्ती भेटला आणि पुढे कित्येक वर्षं दोघांचं घर एकच होतं. 'वेस्ट साइड स्टोरी' (१९५७) हे गाजलेलं संगीतनाटक करणारे बर्नस्टाइन, सोंडहाइम, लॉरेंट्स, रॉबिन्स, चौघांपैकी एकही आजच्या भाषेत स्ट्रेट नाही. थोडक्यात देशाचा सण, देशाचं सुतक आणि देशाची प्रेमकहाणी, तिन्ही कामं यांच्याकडून करून घेतली.

आणि तेव्हा सरकार काय करत होतं? १९५३ साली राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवरने हुकूम काढला, "लैंगिक विकृती" असलेला माणूस सरकारी नोकरीत नको. त्या काळात हजारोंच्या नोकऱ्या गेल्या. फ्रँक कॅमेनी, हार्वर्डचा पीएचडी खगोलशास्त्रज्ञ, त्याला १९५७ मध्ये सैन्याच्या नकाशा खात्यातून काढलं. मग १९६५ ते १९६९ दर ४ जुलैला तो आणि त्याचे साथीदार इथे इंडिपेंडन्स हॉलसमोर बोर्ड घेऊन उभे राहायचे, पुरुष कोट-टायमध्ये, बायका ड्रेसमध्ये, कारण बघणाऱ्याला वाटलं पाहिजे की या लोकांना नोकरी द्यायला काही हरकत नाही. तिथे आता पाटी आहे. भारतातून आलेल्या पाहुण्यांना मी नेते, सगळे लिबर्टी बेलचा फोटो काढतात आणि जेवायला कुठे जायचं ते विचारतात.

म्हणजे डोकावणारे डोकावतच होते हो, सरकारी खर्चाने! बंदी फक्त त्या माणसाने स्वतः बोलण्यावर. 'वेस्ट साइड स्टोरी'च्या त्या रॉबिन्सने १९५३ मध्ये अमेरिकी संसदेच्या चौकशी समितीपुढे सहकाऱ्यांची नावं सांगितली, कम्युनिस्ट म्हणून, आणि त्यामागे आपलं गे असणं बाहेर येईल ही भीती होती असं त्याच्यावर लिहिणारे सांगतात. बरं, गप्प बसून तरी सुटका? १९६६ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सच्या नाट्यसमीक्षकाने, स्टॅन्ली कॉफमनने लिहिलं की गे नाटककार लग्न आणि बायका रंगवताना वेषांतर करतात त्यामुळे चित्र वाकडं येतं. (त्यांना उघडपणे लिहू द्या असंही तो म्हणाला, ते मान्य.) बोललात तर नोकरी जाणार आणि नाही बोललात तर लपवाछपवीचा आरोप.

१९८६ तर कमाल. कोपलंडला राष्ट्रीय कला पदक मिळालं आणि त्याच वर्षी तिथल्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं की दोन प्रौढ पुरुषांनी स्वतःच्या घरात काय केलं यावरून राज्य त्यांना गुन्हेगार ठरवू शकतं. यावर हसू नका, कारण आपण मुंबईत जन्मलेल्या गे चित्रकार भूपेन खक्करला १९८४ मध्ये पद्मश्री दिली तेव्हा ३७७ जागच्या जागी होतं आणि तो तर चित्रांतून उघडपणे बोलायला लागला होता.

आता इकडची उलटी हौसही मला झेपत नाही, प्रत्येक सुरात आणि रंगाच्या थरात गुप्त संदेश शोधायचा. कोपलंडचं कुरण हे कुरणच असू दे की. पण तो पॅरिसला नादिया बुलांझेकडे शिकला हे जितक्या सहज छापता तितक्याच सहज तो गे होता हेही छापा. आपल्याकडे गायकाच्या चरित्रात "पत्नीने संसाराची आघाडी सांभाळली" यावर अख्खं प्रकरण असतं, ते वाचताना बेडरूम आठवते का कुणाला?

आणि अमेरिकेत सगळं मार्गी लागलंय म्हणणारे जे दोन-तीन मित्र आहेत, त्यांनी पण जरा दमानं घ्या. फेब्रुवारी २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या स्टोनवॉल स्मारकाच्या (१९६९ मध्ये समलिंगी आणि ट्रान्सजेंडर लोकांनी पोलिसांविरुद्ध उठाव केला ती जागा) सरकारी वेबसाइटवरून ट्रान्सजेंडर हा उल्लेखच काढून टाकला.

राहिलं फॅडचं. तेंडुलकरांचं 'मित्राची गोष्ट', कॉलेजातल्या मुलीचं मुलीवर प्रेम असलेलं, मराठी रंगभूमीवर आलं १९८१ मध्ये. तेव्हा अमेरिकेतल्या निम्म्याच्या आसपास राज्यांत असले संबंध हा गुन्हा होता, आणि शेवटच्या राज्यांतला कायदा कोर्टाने रद्द केला तो २००३ मध्ये.