वाद मोठ्यांचा, वय मुलाचं

कर्णबधिर मुलाचा विषय निघाला की आपल्याकडे लगेच दोन तट पडतात. एक म्हणतो, कॉक्लिअर इम्प्लांट (शस्त्रक्रियेने कानात बसवायचं श्रवणाचं यंत्र) करा आणि मुलाला बोलतं करा. दुसरा म्हणतो, भारतीय सांकेतिक भाषा ही त्याच्या हक्काची, ती आधी द्या. मी इंग्लंडमध्ये एका नर्सरीत काम करते. हा वाद इथेही आहे, चांगला कडाक्याचा आहे. फरक इतकाच, की तो पेटेपर्यंत मूल कुणाच्या तरी नजरेखाली आलेलं असतं. आपल्याकडे मात्र ज्याच्यावरून भांडायचं, त्याला ऐकू येत नाही हे कळायलाच अनेकदा दोन-अडीच वर्षं जातात. ‘याचे बाबाही उशिराच बोलले’ या एका वाक्यात त्यातलं एक वर्ष सहज निघून जातं.

इंग्लंडमध्ये २००६ पासून सगळ्याच नवजात बाळांची श्रवण तपासणी होते. झोपलेल्या बाळाच्या कानात मऊ टोकाची नळी धरून बारीक टिकटिक सोडतात. कानाच्या आतला शंखासारखा ऐकण्याचा अवयव ठीक असेल तर तो स्वतःच एक क्षीण आवाज परत पाठवतो आणि यंत्र तो टिपतं. काही मिनिटांचं काम. शंका आली तर पुढे बेरा, म्हणजे आवाजाला मेंदूकडून मिळणारा प्रतिसाद मोजणारी तपासणी. निदान पक्कं झालं की कर्णबधिर मुलांसाठीची शिक्षिका घरी येऊ लागते, तीही मूल पाळण्यात असतानाच.

भारतात काहीच नाही असं मुळीच नाही. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात तपासायच्या दोषांच्या यादीत जन्मजात बहिरेपण आहे, दिव्यांगांना साधनं पुरवणाऱ्या केंद्राच्या एडिप योजनेतून लहान मुलांना इम्प्लांट मिळतं, मुंबईतली कर्णबधिरांसाठीची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था तर १९८३ पासून आहे. गळती होते ती मधल्या टप्प्यांवर. श्रवणयंत्र कानात नीट बसावं म्हणून कानाच्या मापाने बनवतात त्या साच्याचंच घ्या. बाळ वाढतं, कान वाढतो, साचा सैल होतो, श्रवणयंत्र शिट्टी मारू लागतं. तान्ह्या बाळाला काही आठवड्यांतच नवा साचा लागतो. तो मिळायला लांबचा प्रवास करावा लागत असेल आणि दिवसाची मजुरी बुडत असेल, तर यंत्र कपाटात जातं. यंत्रवाटपाच्या कार्यक्रमाचे फोटो निघतात. या साच्याचं कोण बघणार?

दोन्ही तटांनी १९९८ चा अमेरिकेतल्या कोलोरॅडोतला अभ्यास एकदा वाचावा. सहा महिन्यांच्या आत निदान होऊन लगेच मदत मिळालेल्या मुलांची भाषा उशिरा कळलेल्यांपेक्षा स्पष्टपणे पुढे होती, घरात खुणा वापरत असोत वा नुसतं बोलत असोत. म्हणूनच ‘खुणा शिकवल्या की मूल बोलायचा कंटाळा करतं’ ही भीती मला पटत नाही. (ती मी इथल्या गोऱ्या आज्यांकडूनही ऐकते.)

इथलं सगळं आलबेल आहे असं समजू नका. कर्णबधिरांच्या शिक्षकांची संख्या इथे गेल्या दशकभरात घटली. जन्मानंतर हळूहळू वाढणारं बहिरेपण पहिल्या तपासणीत सापडतही नाही. मग हाक मारल्यावर न वळणारं, पण शेजारचा उठला की त्याच्याकडे बघून उठणारं मूल आम्हालाच हेरावं लागतं. त्यासाठी आम्हाला शिकवलेलं असतं.

हे अंगणवाडीतही जमण्यासारखं आहे. सेविकेला एवढं शिकवावं आणि तिने नाव कळवल्यावर ते मूल बेरापर्यंत, तिथून साच्यापर्यंत पोचलं का, हे विचारणारा जिल्ह्यात एक माणूस नेमावा. त्याचा फोन नंबर आईकडे असावा. खुणा की बोलणं, हे तिला त्याच्याशी बोलून ठरवता येईल.